विरुद्धाहाराचा तक्ता आणि फुगलेले पोट: एक प्रकरण

स्त्री, वय 42. राहायला ठाण्यात, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात, काम बैठे. तक्रार दीड वर्षाची. जेवणानंतर पाऊण तासात पोट डब्ब होते, संध्याकाळपर्यंत कमरेचा कपडा सैल करावा लागतो, रात्री आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते. सकाळी शौचाला होते, पण पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. जिभेवर पांढरा थर असतो आणि उठल्यावर भुकेचा पत्ता नसतो. गेल्या पाच आठवड्यांत सगळेच वाढले आहे.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. शहरात नोकरी करून पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत जे वारंवार दिसते, ते इथे एका व्यक्तीच्या दिनक्रमात एकत्र मांडले आहे.

आहाराकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासून घेतल्या होत्या. आपोआप वजन घटणे, शौचावाटे रक्त किंवा काळी शी, गिळताना अडकणे, वारंवार उलटी, पोटदुखीने झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही नव्हते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, यकृताच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी ठीक होती. यातले एखादे लक्षण असते, किंवा तक्रार पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली असती, तर पुढचे काहीही करण्याआधी डॉक्टरकडे जाणे भाग होते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे घेऊन झाल्या होत्या. ढेकर कमी झाले, फुगारा तसाच राहिला.

पाच आठवड्यांपूर्वी काय झाले

फोनवर फिरत आलेला ‘आयुर्वेदिक विरुद्ध अन्नाचा तक्ता’ घरात लागू झाला. तक्त्यातले मुख्य नियम असे: फळ नेहमी एकटे खावे, जेवणाबरोबर कधीच नाही. दूध एकटे प्यावे. डाळ आणि भात एकत्र नको, कारण एक प्रथिन आणि दुसरे पिष्ट. सकाळी उपाशीपोटी गरम पाणी, लिंबू, मध. रात्री हळदीचे दूध. जेवणात भरपूर कच्चे सॅलड.

बाईंनी तो मन लावून पाळला. आधीची सकाळची केळे-दूध-ओट्सची स्मूदी मोडून तिचे दोन भाग केले. दुपारच्या डब्यानंतरचे फळ वेगळ्या डब्यात गेले. रात्रीचे वरण सुटले आणि त्याच्या जागी मुळा-कांद्याची कोशिंबीर आली. तक्त्यानंतरचा कामाच्या दिवसाचा आहार असा होता:

5:45 गरम पाणी, अर्धे लिंबू, चमचाभर मध
6:45 एक मोठे केळे
7:25 थंड दूध 250 मिली, तीन चमचे ओट्स, उभ्याने
9:45 चहा, तीन बिस्किटे
11:15 फळांचा डबा: पपई, कलिंगड, सफरचंद
1:30 तीन पोळ्या, मटकीची किंवा चवळीची उसळ, कोशिंबीर, वाटीभर दही. संगणकासमोर, पंधरा मिनिटांत
4:00 चहा
5:45 स्टेशनवर वडापाव किंवा खारे शेंगदाणे
7:45 घरी चहा, चिवडा
9:45 दोन पोळ्या, लसणाची फोडणी दिलेली भाजी, वाटीभर भात, कच्ची कोशिंबीर
10:45 हळदीचे दूध 200 मिली
11:15 झोप

अकरा वेळा. तक्त्याच्या आधी सात वेळा होत होते. वाढलेल्या चारही वेळा तक्त्यानेच आणलेल्या: लिंबू-मध, सुटे केळे, सुटी फळे, रात्रीचे दूध. पदार्थ एकमेकांपासून वेगळे ठेवायचे म्हटल्यावर प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी लागते, आणि दिवसाचे तास काही वाढत नाहीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत कुठेही सलग तीन तासांची मोकळीक उरली नव्हती.

आणखी दोन गोष्टी विचारल्यावरच कळल्या. रविवारी त्रास निम्मा असतो; उशिरा उठून दोनदाच नीट जेवण होते. आणि रत्नागिरीकडे माहेरी गेले की तिसऱ्या दिवसापासून पोट हलके. तिथे सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी साडेबाराला आमटी-भात, रात्री आठला जेवण. म्हणजे तक्त्याने ज्या डाळ-भाताला गुन्हेगार ठरवले, तोच माहेरी दोन्ही वेळा ताटात होता.

ग्रंथ काय म्हणतो, तक्ता काय म्हणतो

चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करायला सांगितला आहे: प्रकृती म्हणजे पदार्थाचा मूळ स्वभाव, करण म्हणजे त्यावरचे संस्कार (भाजणे, भिजवणे, शिजवणे), संयोग, राशी म्हणजे मात्रा, देश, काल, खाण्याचे नियम आणि खाणारा स्वतः. संयोग, म्हणजे कशाबरोबर काय, हे त्या आठांतले एक. फिरणारे तक्ते हे एकच उचलतात आणि बाकीची सात सोडून देतात. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाहाराचे अठरा प्रकार आहेत. त्यातही संयोगविरुद्ध हा एक प्रकार. मात्राविरुद्ध, कालविरुद्ध, अग्निविरुद्ध, क्रमविरुद्ध हे त्याच यादीत त्याच तोलाने आलेले आहेत.

त्याच अध्यायात पुढे एक सवलत आहे, जी तक्त्यांत कधीच दिसत नाही. सवयीने अंगवळणी पडलेले, थोड्या मात्रेत घेतलेले, अग्नी, म्हणजे पचनशक्ती, प्रदीप्त असलेल्याने, तरुणाने, स्निग्ध शरीराच्या आणि व्यायाम करणाऱ्या बलवानाने खाल्लेले विरुद्ध अन्न बाधत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रविवारी शिकरण-पोळी खाऊन शेतावर राबणाऱ्यांना काही झाले नाही, याचे उत्तर ग्रंथानेच देऊन ठेवले आहे.

डाळ-भात वेगळे ठेवा हा नियम मात्र चरकात नाही, सुश्रुतात नाही, वाग्भटातही नाही. प्रथिन आणि पिष्ट एकत्र नको ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतली. विल्यम हॉवर्ड हे (Hay) नावाच्या डॉक्टरच्या आहारपद्धतीमुळे ती पसरली. तिच्यावर नंतर आयुर्वेदाचे लेबल चिकटले. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात हितकर पदार्थांच्या यादीत शूकधान्यांत (तृणधान्यांत) लाल साळीचा तांदूळ आणि शमीधान्यांत (कडधान्यांत) मूग सर्वांत वर ठेवले आहेत. त्या दोघांची खिचडी विरुद्ध कशी ठरेल? शरीरशास्त्राच्या बाजूनेही नियम टिकत नाही. स्वादुपिंड पिष्ट, प्रथिन आणि स्निग्ध पचवणारी पाचकद्रव्ये एकाच वेळी लहान आतड्यात सोडते. शिवाय मुगाच्या डाळीत प्रथिनाबरोबर भरपूर पिष्टही असते. ती कुणापासून वेगळी करणार?

निदान

भूक कधी लागते, कधी नाही, फुगारा, शौचाचा नेम नाही. ही विषमाग्नीची, म्हणजे अनियमित पचनशक्तीची लक्षणे. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ विदग्धाजीर्णाकडे, म्हणजे पित्ताने अन्न आंबून होणाऱ्या अजीर्णाकडे, बोट दाखवते. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. चरकाच्या ग्रहणीचिकित्सेत तीन प्रकारचे चुकीचे खाणे सांगितले आहे: हितकर-अहितकर एकत्र खाणे ते समशन, अवेळी किंवा कमी-जास्त खाणे ते विषमाशन, आणि आधीचे पचले नसताना वर खाणे ते अध्यशन. इथे अध्यशन ठळक होते. विषमाशन त्याच्या जोडीला. समशन तिसऱ्या क्रमांकावर.

आधुनिक भाषेत हेच वेगळ्या शब्दांत सांगता येते. डाळ-पोळी-भाजीचे पूर्ण जेवण जठरातून बहुतांश पुढे सरकायला साधारण तीन ते चार तास लागतात. त्यानंतर रिकाम्या आतड्यात दर दीड-दोन तासांनी झाडलोटीसारखी एक लाट जाते आणि उरलेसुरले पुढे ढकलते. मधे काही खाल्ले की ती लाट थांबते. दोन-सव्वादोन तासांनी काहीतरी तोंडात पडत असेल तर दिवसभर ती नीट येतच नाही. आधीचे पचल्याची खूण म्हणून शास्त्राने सांगितलेली लक्षणे साधी आहेत: शुद्ध ढेकर, अंगात उत्साह, मलमूत्राचे वेग वेळेवर, शरीर हलके, भूक आणि तहान. बाईंना यातले एकही लक्षण दिवसात कधी पूर्ण मिळत नव्हते.

योजना

तीन टप्पे ठरले. पहिल्यात संयोगाला हातच लावला नाही. फक्त वेळ, मात्रा आणि संस्कार बदलले. संयोगाची चाचणी शेवटी. क्रम मुद्दाम असा ठेवला, कारण सगळे एकदम बदलले तर कशाने बरे वाटले ते कधीच कळत नाही.

वेळांसाठी वैद्यपरंपरेतला याम-नियम वापरला: एक याम, म्हणजे तीन तास, होईपर्यंत पुन्हा खाऊ नये आणि दोन याम उपाशी राहू नये. त्यावरून 7:15, 12:45, 5:30 आणि 8:30. कार्यालयात जेवणाची वेळ पाऊण तास अलीकडे घेता आली, म्हणून हे जमले. दुपारी दीडशिवाय सुटी नसेल तर न्याहारी साडेसातनंतर न्यावी लागते. लोकल पकडणाऱ्याला ते अवघड जाते, पण डबा गाडीतून उतरल्यावर उघडता येतो. चहा दोनच वेळा, न्याहारीबरोबर आणि साडेपाचच्या खाण्याबरोबर. मधल्या वेळी तहान लागली तर कोमट पाणी.

मात्रेसाठी वाग्भटाचा हिशेब: पोटाचे दोन भाग घन अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा, चौथा रिकामा ठेवावा. व्यवहारात याचा अर्थ, पहिला समाधानाचा ढेकर आला की ताट सरकवायचे. अन्न उरले म्हणून संपवायचे नाही. ही सवय लावणे बाकी सगळ्यापेक्षा कठीण गेले.

पहिले दहा दिवस:

न्याहारीला मऊ भात, चमचाभर तूप, मेतकूट; किंवा मुगाचे धिरडे; किंवा तांदळाची उकड. भूक नसेल तर फक्त वाटीभर पेज, मीठ आणि जिरेपूड घालून. केळे, दूध, ओट्स, मध बंद. लिंबू-मध-गरम पाणी कायमचे बंद. ज्याला आंबट ढेकर येतात त्याने उपाशीपोटी लिंबू घेऊन काय साधायचे, हा प्रश्न आहेच. शिवाय मध तापवू नये आणि उष्णतेबरोबर घेऊ नये असे चरकाचे स्पष्ट सांगणे असताना तेच पेय आयुर्वेदाच्या नावाने खपते.

डब्यात दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पडवळ किंवा लाल भोपळ्याची भाजी, अर्धी वाटी भात, वाटीभर मुगाचे घट्ट वरण. डबा गरम करून, पडद्यापासून दूर, निदान वीस मिनिटे. साडेपाचला वाटीभर साळीच्या लाह्या किंवा भाजके मुरमुरे, तेल-तिखट बेताचे.

रात्री खिचडी. प्रमाण दोघांसाठी, वाटी 150 मिलीची: पाऊण वाटी वर्षभर जुना तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ. दोन्ही कोरडे मंद आचेवर चार-पाच मिनिटे भाजावे, वास सुटला की उतरवावे. भाजलेला तांदूळ पचायला हलका होतो. मग धुऊन निथळावे. दोन चमचे तुपात अर्धा चमचा जिरे, चिमूटभर हिंग, चार मिरी, चमचाभर किसलेले आले, पाव चमचा हळद. त्यावर डाळ-तांदूळ परतून पाच वाट्या गरम पाणी, मीठ. कुकरला चार शिट्ट्या, मग दहा मिनिटे झाकण उघडायचे नाही. चमच्यातून सैल पडली पाहिजे. कोरडी फडफडीत खिचडी वेगळा पदार्थ आहे, तो इथे चालत नाही. सोबत लोणचे-पापड नको, शिजवलेली भाजी हवी. रात्री कच्ची कोशिंबीर बंद.

रात्री दही अर्थातच नाही. चरकाने रात्रीचे दही निषिद्ध सांगितले आहे. इतर वेळीही तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्या सोबतीशिवाय खाऊ नये आणि गरम करून खाऊ नये, असे म्हटले आहे. दुपारचे वाटीभर दहीही दहा दिवस थांबवले.

पुढचे दहा दिवस (अकरा ते वीस) ताक आणि उसळ परत आणली. ताक जळजळ थांबल्यावरच. दाह, चक्कर, रक्तपित्त (शरीरातून रक्त जाण्याचा विकार) अशा अवस्थांत आणि उन्हाळ्याच्या तडाख्यात सुश्रुताने ताक नको म्हटले आहे. त्याच दिवशी लागलेले, आंबट नसलेले दही एक भाग, पाणी तीन भाग, रवीने घुसळून लोणी काढून, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव. दीडशे मिली, दुपारच्या जेवणाच्या शेवटी. फ्रिजमधून काढलेले गार ताक एकदा घेतले आणि त्या दिवशी फुगारा परत आला. म्हणून सामान्य तापमानाचेच.

उसळीचा घोळ मटकीत नव्हता, शिजवण्यात होता. डबा लवकर भरायचा म्हणून मोड आलेली मटकी दहा मिनिटांत परतून कचरट ठेवली जात होती. कडधान्यांतल्या काही शर्करा माणसाच्या पाचकद्रव्यांनी फुटत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून दिले की त्यातला बराच भाग निघून जातो. मोड अर्धा सेंटीमीटर आले की पुरे. नवीन पाण्यात, दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवायचे, मग ओवा-हिंगाची फोडणी, आमसूल, गूळ, गोडा मसाला. वाटीभरऐवजी अर्धी वाटी, आठवड्यातून दोनदा, आणि दुपारीच. चवळी आणि पावटे महिनाभर बाजूला.

काय बिघडले

तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागले. चहा तीनवरून एकदम दोनवर आणल्याचा तो परिणाम होता. तीन दिवस सकाळी एक अर्धा कप वाढवून मग काढून टाकला.

चौथ्या-पाचव्या दिवशी शौच घट्ट झाले. हे अपेक्षित असायला हवे होते: फळे गेली, कच्चे गेले, मऊ भात-खिचडी आली, म्हणजे चोथा कमी झाला. हलका आहार सुरू करणाऱ्या बहुतेक घरांत इथेच लोक घाबरून जुन्या वळणावर जातात किंवा सोनामुखीचे चूर्ण रोज घेऊ लागतात. रोजचे सोनामुखी ही सवय लागण्यासारखी गोष्ट आहे, ती टाळायची. इथे पपईच्या पाच-सहा फोडी न्याहारीच्या ताटातच आणल्या, वेगळ्या वेळी नाही. दहा-बारा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी. तूप न्याहारीला एकऐवजी दोन चमचे. पोळीचा आटा चाळायचा थांबवला. आठव्या दिवशी शौच सुटे झाले. फळ जेवणाबरोबर घेतल्याने काही बिघडले नाही. तक्त्याचा आणखी एक नियम इथेच गळाला.

हिंग्वाष्टक चूर्ण. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. वाताच्या फुगाऱ्याला उत्तम, पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यायचे. पण ज्याच्या छातीत आधीच जळजळ आहे त्याला हे सगळे तिखट-उष्ण द्रव्य एकत्र देऊन चालत नाही. बाईंनी आपल्या मनाने सकाळ-संध्याकाळ चमचाभर सुरू केले आणि चार दिवसांत आंबट ढेकर दुप्पट झाले. बंद केल्यावर उतरले. नंतर गरज वाटलीच तर पाव चमचा, दुपारीच, असे ठरले. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो. गव्हाची खरी अडचण असणाऱ्याने पुडीवरची माहिती वाचावी.

मग आली एकादशी. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, बटाट्याचा कीस, वर श्रीखंड. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट, कूट तेलकट, बटाटा तळलेला. त्यात संस्कारांनी हलके झालेले काहीच नाही. दोन दिवस पोट परत पूर्वीसारखे. पुढच्या एकादशीला वरीचा भात, पातळ दाण्याची आमटी अर्धी वाटी, राजगिऱ्याच्या लाह्या आणि ताक, त्रास नाही. उपवासाने लंघन घडायचे असेल तर ताटही हलके असायला हवे.

आणि रात्रीचे हळदीचे दूध. सासूबाईंच्या मते ते सोडणे म्हणजे तब्येतीशी खेळ. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. जेवण आणि झोप यांच्यात पावणेतीन तास ठेवायचे, तर दूध त्यात बसतच नाही. शिवाय मुळा आणि लसूण खाऊन वर दूध पिऊ नये, त्वचारोगांची भीती सांगून, असे चरकात आहे. हा संदर्भ दाखवल्यावर घरातला विरोध मावळला. जुन्या ग्रंथाचा असाही उपयोग होतो.

जोडी दोषी की पदार्थ?

एकविसाव्या दिवसापासून चाचणी. सुरुवातीला फुगारा आठवड्यातून दोनदा-तीनदाच होत होता, म्हणजे आता कशाने बिघडते ते दिसू शकणार होते. बाकी काही न बदलता न्याहारीत तीन दिवस फक्त एक केळे, मग दोन दिवस रिकामे. तीन दिवस फक्त 250 मिली दूध, मग दोन दिवस रिकामे. मग तीन दिवस दोन्ही एकत्र.

केळ्याने काहीच झाले नाही. दुधाने पहिल्याच दिवशी दोन तासांत गुडगुड आणि वायू, तिसऱ्या दिवशी शौच सैल. दोन्ही एकत्र घेतल्यावर दुधाइतकाच त्रास, त्याहून जास्त नाही. म्हणजे इथे केळे-दुधाची जोडी दोषी नव्हती, दूधच होते, आणि तेही मात्रेमुळे. खात्रीसाठी दुकानात मिळणारे लॅक्टोजमुक्त दूध तेवढेच तीन दिवस दिले, त्रास नाही. दुधातली साखर पचवणारे द्रव्य मोठेपणी कमी होणे भारतात सर्रास आढळते. दही आणि ताकात ती साखर आंबण्यात काही प्रमाणात खर्च होते, म्हणून दुपारचे ताक सोसले आणि सकाळचे दूध नाही.

केळे-दूध ग्रंथांत विरुद्धच आहे, हे खरे. चरकाच्या आंबट फळांच्या यादीत केळे आहे, आणि सुश्रुतानेही दूध, दही, ताक यांच्याबरोबर ते वर्ज्य सांगितले आहे. पण ‘फळामुळे पोटात दूध नासते’ हे जे कारण सर्वत्र सांगितले जाते, ते टिकत नाही. जठरातल्या आम्लाने दूध दरवेळी, प्रत्येकाच्या पोटात, फळ असो वा नसो, फुटतेच; पचनाची ती पहिली पायरी आहे. अशा एकेका जोडीला आधुनिक प्रयोगांचा भक्कम आधारही मिळालेला नाही. म्हणून या प्रकरणात ज्या जोड्या टाळायला काही किंमत मोजावी लागत नाही त्या टाळल्या: दूध आणि मासे, दूध आणि मुळा-लसूण, दूध आणि कुळीथ-मटकी, समप्रमाणात तूप-मध. मासळीच्या जेवणावर सोलकढी चालते, ती नारळाच्या दुधाची. ज्या जोड्या घराच्या जिव्हाळ्याच्या आहेत त्यांची चाचणी घेतली. रविवारी दुपारी, जेवणाचाच भाग म्हणून, एक केळे आणि 100 मिली दुधाचे शिकरण सोसले. थंड स्मूदीचा मोठा ग्लास नाही सोसला.

आठव्या आठवड्याअखेर फुगारा आठवड्यातून एखादे वेळी, तोही मागे पाहिले तर उशिराच्या जेवणाशी जोडलेला. जिभेचा थर गेला. सकाळी सात वाजता भूक लागू लागली, आणि हाच बदल बाईंना सगळ्यात नवलाचा वाटला. वजन 63 वरून 61.5 किलो, त्यासाठी काही केले नव्हते. तिमाही हिशेबाच्या आठवड्यात जेवण पुन्हा दहाला जाते आणि पोट पुन्हा बिघडते. त्यावर तोडगा एवढाच निघाला की त्या दिवसांत साडेसहाला कार्यालयातच डब्यातली खिचडी खायची आणि घरी आल्यावर फक्त वाटीभर मुगाचे कढण.

हीच योजना जशीच्या तशी उचलू नये अशी काही माणसे आहेत. मधुमेह असेल तर मऊ भात आणि खिचडीने साखर चढते. तिथे तांदूळ कमी, डाळ आणि भाजी जास्त, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक. गर्भारपणात साडेपाच तासांचे अंतर फार होते. किडकिडीत, तीक्ष्ण भूक असलेल्याला चार वेळा खाणे कमी पडेल.

आमरसाचा प्रश्न एप्रिलमध्ये आलाच. पिकलेला गोड आंबा आणि दूध यांचे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात वातपित्तनाशक, बलवर्धक, पण जड आणि थंड असे वर्णन आहे. आंबट आंब्याला ही मुभा नाही. ठरले असे: फक्त दुपारी, वाटीभर रस, त्यात दूध न घालता चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ, ताटात त्या दिवशी भात नाही, पोळ्या दोनच, आणि साडेपाचच्या लाह्या भूक असेल तरच. पहिल्या रविवारी एका वाटीच्या दोन झाल्या आणि रात्रीचे जेवण आपोआप सुटले; बाईंनी ते ओढूनताणून केले नाही, हे बरोबर केले.